अक्षर म्हणजे चित्र नव्हे!



दिवाळीच्या सुट्ट्यांआधी संपादक मंडळाने एक काम माझ्या गळ्यात टाकलं. आपल्या वार्षिकांकाच्या जुन्या सीड्या ग्रंथालयाच्या कपाटात पडून आहेत, २००२ ते २००८ अशा सात वर्षांच्या. त्या उघडायच्या, आतला मजकूर काढायचा आणि एका जागी नीट लावून ठेवायचा. "तू कॉम्प्युटरचा ना बे? दोन तासांचं काम आहे तुझ्यासाठी!" एवढं बोलून मंडळ चहा प्यायला निघून गेलं.

दोन तासांच्या त्या कामाला तीन आठवडे लागले. का लागले, ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिली अडचण म्हणजे सीडी वाचणारा ड्राइव्हच आता कोणाच्या लॅपटॉपमध्ये नाही. तो लॅबच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनला सापडला. सातपैकी दोन सीड्या ओरखड्यांनी बाद झालेल्या, पाच चालल्या. इंग्रजी विभागाची फाइल उघडली आणि कालच टाइप केल्यासारखी समोर आली. संपादकीय, कविता, प्लेसमेंटचे आकडे, सगळं जागच्या जागी. मग मराठी विभागाची फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, मध्येच डॉलर. एक शब्द वाचता येईल तर शपथ! पाचही सीड्यांची तीच गत.

गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्याच सुमारास कॉलेजच्या कार्यालयात एक पत्र आलं होतं. आपल्या कार्यशाळेत तीस वर्षं लेथ शिकवणारे एक निदेशक दोन वर्षांपूर्वी वारले. २००४ च्या अंकात त्यांनी लेथवरच्या दिवसांबद्दल मराठीत एक लेख लिहिला होता. आयुष्यात लिहिलेला एकमेव लेख. घरची प्रत घर बदलताना गेली, म्हणून मुलाने ती मागितली होती. ग्रंथालयातल्या त्या वर्षाच्या अंकाला वाळवी लागलेली. म्हणजे तो लेख जगात आता फक्त त्या सीडीवर होता. होता, आणि वाचता येत नव्हता.

दोष कोणाचा?

सीताबर्डीत डीटीपीची दुकानं पालथी घातली. एका काकांनी स्क्रीनकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "हा फाँट डोंगलवाला होता. मशीनच्या मागे डोंगल लावलं तरच चालायचा. ते मशीन गेलं, डोंगलबी गेलं. आता कुठून आणू तुले?"

तेव्हा नीट समजून घेतलं की या फाइलमध्ये नेमकं आहे तरी काय. उदाहरण म्हणून आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा कृतिदेव फाँट घ्या. या फाँटमध्ये 'मराठी' हा शब्द लिहिला की फाइलमध्ये 'मराठी' साठवलं जातच नाही. तिथे जातात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरं. फाँट फक्त एवढंच करतो, की 'ई' दिसायच्या जागी 'म' चं चित्र काढतो आणि 'जे' च्या जागी 'र' चं. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच! त्याला मराठीचा पत्ताच नाही. फाँट काढून घेतला की मुखवटा गळतो आणि खाली इंग्रजी कचरा उरतो.

क्रमही तसाच. 'कि' मध्ये वेलांटी क च्या आधी दिसते, म्हणून फाइलमध्येही आधी वेलांटी आणि मग क. 'वर्ग' मध्ये रफार ग च्या डोक्यावर दिसतो, म्हणून व, मग ग, मग रफार. आपण बोलतो व-र्-ग. फाइल म्हणते व-ग-र्. म्हणजे या पद्धतीत शब्द साठवलेला नाही, शब्दाचं चित्र साठवलेलं आहे. शिवाय प्रत्येक कंपनीचा चित्रांचा तक्ता वेगळा. एका फाँटचा 'क' दुसऱ्यात 'ढ' निघणार!

आता प्रश्न असा, की दोष कोणाचा? टाइप करणाऱ्या ऑपरेटरचा? त्याला अंक वेळेत छापायचा होता. फाँट बनवणाऱ्याचा? त्याने निदान मराठी छापून तरी दिली. माझ्या मते दोष त्यांच्या कितीतरी खाली आहे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या थरात. 'मजकूर म्हणजे काय' या प्रश्नाचं तिचं उत्तरच चुकलेलं होतं.

एक बाइट म्हणजे एक अक्षर?

आपण सेमिस्टरला ऑपरेटिंग सिस्टिम शिकतो. प्रोसेस, शेड्युलिंग, डेडलॉक, पेजिंग, सगळं पाठ असतं. पण मजकुराबद्दल एक धडाही नसतो, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांना तो प्रश्न कधी पडलाच नाही. १९६३ साली आस्की हे मानक आलं. सात बिट, १२८ जागा, त्यात इंग्रजी आरामात बसते. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केली. तिचा सगळ्यात सुंदर विचार असा, की प्रत्येक प्रोग्रामने एकच काम नीट करावं आणि प्रोग्राम एकमेकांशी साध्या मजकुरातून बोलावेत. १९७३ मध्ये पाइप आला आणि हा विचार प्रत्यक्षात उतरला. मजकूर हे सगळ्या प्रोग्राम्सचं सामायिक चलन झालं.

विचार सोन्यासारखा. पण त्या चलनावर एक गृहीतक छापलेलं होतं: एक बाइट म्हणजे एक अक्षर, आणि एक अक्षर म्हणजे स्क्रीनवरचा एक चौकोन. इंग्रजीत हे खपून जातं. आपल्याकडे 'क्षि' हा एक उच्चार, पण त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार तुकडे. वेलांटी शेवटी बोलायची आणि आधी काढायची. त्या चौकोनात हे बसणार कसं?

तुम्ही स्वतः करून बघा. लिनक्सवर ग्राफिकल स्क्रीन सोडून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ दाबा, कन्सोलवर या आणि मराठी नावाची फाइल असलेलं फोल्डर उघडा. धड अक्षरं दिसणार नाहीत. त्या कन्सोलला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चित्रं माहीत असतात आणि जोडाक्षर जुळवणं त्याला येतच नाही. १९६९ चं गृहीतक तिथे अजून जिवंत आहे.

पुण्याचं कार्ड आणि न्यूजर्सीचं डायनर

वाईट याचं वाटतं, की बरोबर उत्तर आपल्याच देशात आणि फार लवकर सापडलं होतं. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र उभं केलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिथे पुढे वाढलं. जिस्ट कार्ड हे पीसीत बसवायचं एक सर्किट. ते डॉसवर चालणारा प्रोग्राम आणि स्क्रीन यांच्या मधोमध उभं राहायचं. प्रोग्राम समजायचा की आपण नेहमीचेच बाइट पाठवतोय, आणि कार्ड त्यांची देवनागरी जोडाक्षरं बनवून स्क्रीनवर दाखवायचं. अमेरिकेत बनलेल्या डेटाबेस प्रोग्रामची एक ओळही न बदलता त्यात मराठी नावं भरता यायची.

कार्डाच्या मागे इस्की हे मानक होतं. भारतीय मानक ब्यूरोने ते १९९१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवायची: आधी क, मग वेलांटी. कशी दिसतील, हा कार्डाचा प्रश्न. म्हणजे अर्थ एका थरात आणि आकार दुसऱ्या थरात. डिझाइनचं पुस्तक ज्याला जबाबदाऱ्यांची वाटणी म्हणतं ना, ती हीच.

मग काय झालं? विंडोज आली. स्क्रीन ग्राफिक झाला, आणि कार्ड ज्या मधल्या जागेत उभं राहायचं ती जागाच राहिली नाही. ते काम आता ऑपरेटिंग सिस्टिमने करायला हवं होतं, पण विंडोज ९५ मध्ये देवनागरीची सोयच नव्हती. मागणी मात्र दारात उभी: लग्नपत्रिका, वर्तमानपत्रं, सरकारी अर्ज, आपला वार्षिकांक. मग सगळ्यांनी आपापली जुगाड केली आणि इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चिकटवली.

याच काळात समुद्रापलीकडे एक गोष्ट घडली. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यूजर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवता जेवता केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ ची आखणी केली. जगातली सगळी अक्षरं त्यात मावतात, आणि तरी जुना इंग्रजी मजकूर जसाच्या तसा चालतो. काही दिवसांत त्यांची प्लॅन-९ ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर चालायला लागली. ज्या थॉम्पसनने युनिक्समध्ये ते गृहीतक रुजवलं, त्यानेच पुढे ते दुरुस्त करायला हात लावला, हे मला फार आवडतं. आणि बघा, जिस्ट कार्ड आणि यूटीएफ-८ यांची युक्ती एकच आहे: बदल अशा थरात करा, की वरच्यांना आपलं काम मोडावं लागू नये.

मेस आणि हीटर

होस्टेलवाल्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही. मेसमध्ये सकाळी गरम पाणी मिळालं नाही तर काय होतं? प्रत्येक खोलीत बादलीत रॉड लागतो. कोणाचा रॉड आयएसआय, कोणाचा फुटपाथचा. एक वायर सोललेली, एक प्लग काडीपेटीच्या काडीने दाबलेला. नागपूरची डिसेंबरची थंडी! सहा वाजता एकदम वीस रॉड लागले की फ्यूज उडतो आणि अख्खी विंग अंधारात. रेक्टर येऊन ज्याच्या खोलीत रॉड सापडेल त्याला दंड करतात. पण मूळ चूक रॉडवाल्याची नसते. गरज सगळ्यांची होती आणि सामायिक सोय नव्हती.

ऑपरेटिंग सिस्टिमने काय करावं, याबद्दलचं माझं मत एवढंच आहे. जी गरज प्रत्येक प्रोग्रामची आहे आणि जी एकेकट्याने धड भागवता येत नाही, ती पायाशीच भागली पाहिजे. नाही भागली तर जुगाड होणारच, आणि तिचं बिल जुगाड करणाऱ्याला कधीच येत नाही. ते वीस वर्षांनी येतं, तेही भलत्याच्याच नावावर. इथे ते आलं त्या निदेशकांच्या मुलाच्या नावावर.

यावर आमच्या विंगमध्ये एका मित्राने हरकत घेतली. तो लिनक्सचा भक्त! "अबे, कर्नल लहान ठेवा हाच तर युनिक्सचा धर्म आहे. तू तर त्यात जोडाक्षरं घालायला निघाला!" हरकत रास्त आहे. पण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काही नुसतं कर्नल नव्हे. मेस म्हणजे नुसती चूल नव्हे, तसं. हार्फबझ नावाची एक छोटी लायब्ररी आहे. ती एकच काम करते: अक्षरांचे क्रमांक घ्यायचे आणि फाँटमधली योग्य चित्रं योग्य जागी लावून द्यायची. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड, सगळे तीच वापरतात. कर्नलमध्ये एक ओळही न घालता हे झालं. 'एकच काम नीट करा' हा युनिक्सचा मंत्र इथे पाळलाच गेला आहे. मंत्राचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो: ते काम सगळ्यांसाठी एकाच जागी करा.

आता तर युनिकोड आहे. मग अडलं कुठे?

हो, युनिकोड आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे, तीही इस्कीच्या पायावर. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली आणि सोबत मंगल हा फाँट आला. तो काढला होता आपल्या र. कृ. जोशी यांनी. तरीही २००१ च्या एक्सपीत देवनागरी नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि विंडोजची सीडी घालावी लागे. बहुतेकांना ती खूण माहीत नव्हती आणि सीडी तर कोणाकडेच नव्हती. २००७ च्या व्हिस्टापासून ती सोय न मागता मिळायला लागली. मधल्या सहा वर्षांत जुगाड अजून घट्ट बसली. डिझाइनमधला हाही धडा लक्षात ठेवावा: जी सोय शोधून चालू करावी लागते, ती बहुतेकांसाठी नसतेच.

म्हणजे साठवण सुधारली. पण अजून चार गोष्टी अर्धवट आहेत, आणि आपल्यासारख्यांनी त्यांचा विचार करायला हवा.

पहिली गोष्ट, मोजणी. 'क्षत्रिय' या शब्दात अक्षरं किती? सी भाषेत बाइट मोजा, उत्तर २४. पायथनला विचारा, उत्तर ८. युनिकोडच्या जुन्या नियमाने ५. आणि दुसरीतल्या पोराला विचारा, तो म्हणेल ३: क्ष, त्रि, य. पोराचं बरोबर आहे! युनिकोडच्या मूळ नियमात हे उत्तर यायला सप्टेंबर २०२३ ची १५.१ आवृत्ती यावी लागली. त्या आधी जोडाक्षर मधूनच तोडलं जायचं, आणि कित्येक प्रोग्राम्समध्ये अजूनही तोडलं जातं. फॉर्ममध्ये 'नाव २० अक्षरांत लिहा' असं असतं, ती २० म्हणजे नेमकी कोणती? लिनक्सच्या ईएक्सटी-४ फाइल सिस्टिममध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीत २५५ अक्षरं, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून आपल्याला फक्त ८५ चिन्हं. एसएमएसमध्ये इंग्रजीला १६० आणि मराठीला ७०. कुणी मुद्दाम अन्याय केला असं नाही. मोजायचं माप चुकीचं निवडलं, एवढंच.

दुसरी गोष्ट, शोध आणि क्रम. 'आचार्यास' म्हणजे गुरूला, आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला. मेसच्या नोटिशीत घोळ झाला तर दोघंही रागावतील! हा अर्धा ऱ कॉम्प्युटरमध्ये तीन रीतींनी लिहिता येतो: खास ऱ वापरून, र ला खाली नुक्ता देऊन, किंवा र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला तिन्ही सारखे. बाइट जुळवणाऱ्या प्रोग्रामला मात्र तीन वेगळे शब्द. म्हणून शोध घेतला की 'सापडलं नाही' असं उत्तर येतं, आणि ते समोर दिसत असतं. क्रमाचंही तेच. शाळेत आपण ह नंतर ळ, क्ष, ज्ञ शिकलो. पण नुसत्या कोडच्या क्रमाने लावलं तर ळ जाऊन बसतो ल च्या शेजारी, क्ष जातो क मध्ये, आणि हजेरीपटावर ज्ञानेश्वर येतो ज्योतीच्या आधी. मराठी क्रम लावायची सोय सिस्टिममध्ये असते. फक्त प्रोग्राम लिहिणारा ती मागत नाही.

तिसरी गोष्ट, भाषा. मराठी आणि हिंदीचा ल आणि श वेगळ्या वळणाचा असतो, पण दोघांचा क्रमांक एकच. वळण कोणतं काढायचं हे चांगल्या फाँटला माहीत असतं, पण मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे त्याला कुणी तरी सांगावं लागतं. वेबपेजमध्ये ते लिहिता येतं. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मात्र भाषेची नोंद कुठेच नसते. खरं तर अक्षरांइतकीच भाषाही मजकुराची मालमत्ता आहे. शुद्धलेखन तपासणं, मोठ्याने वाचून दाखवणं, क्रम लावणं, सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

चौथी गोष्ट, आणि माझ्या सीडीपुरती सगळ्यात महत्त्वाची: फाइलला स्वतःबद्दल काहीच माहीत नसतं. सिस्टिमसाठी ती बाइटची एक माळ. आत आस्की आहे, इस्की आहे की कुठल्या तरी कंपनीचा चित्रांचा तक्ता, याची नोंद नाही. १९९० च्या दशकात बीओएस नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमने फाइलसोबत अशा नोंदी ठेवायची आणि त्यावरून शोध घ्यायची छान सोय केली होती. लिनक्समध्येही फाइलला जादा नोंदी जोडता येतात, पण एफएटी-३२ च्या पेनड्राइव्हवर कॉपी केल्या की त्या गळून पडतात. माझ्या मते ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सुधारणा करायचीच असेल तर ती इथे करावी. फाइल जिथे जाईल तिथे तिची ओळख तिच्यासोबत जावी. प्रवाशाबरोबर तिकीट जातं, तसं.

आणि आपण?

मायक्रोसॉफ्ट आणि लिनक्सला उपदेश करणं सोपं. आता आपल्या घरात बघू.

या वर्षीचे मराठी लेख तुम्ही फोनवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवलेत. छापखान्यात काय होतं माहीत आहे? तिथे पान अजून पेजमेकरमध्ये लागतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड समजत नाही. म्हणून ऑपरेटर तुमचा युनिकोड मजकूर कन्व्हर्टरमधून काढून पुन्हा जुन्या फाँटमध्ये आणतो. त्याची पीडीएफ होते, आणि संग्रहात जाते ती पीडीएफ. तिच्यातून मराठी ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा: तोच ई, जे, के, बी, एच! म्हणजे २००४ ची चूक आपण आजही दरवर्षी मन लावून करतोय. फरक इतकाच, की तेव्हा दुसरा मार्ग नव्हता आणि आज आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. संपादक मंडळाने छापायला जाण्याआधीचा युनिकोड मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वेगळा जपावा, लेखागणिक एक फाइल. खर्च शून्य. दुसरी मागणी आपल्या शिक्षकांना. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टच्या परीक्षणात एक साधी चाचणी घाला: नावाच्या रकान्यात 'ज्ञानेश्वर दऱ्याखोऱ्यातले' असं टाइप करायचं. ते साठवता आलं, तसंच परत दिसलं, शोधून सापडलं आणि यादीत योग्य जागी आलं, तरच पूर्ण गुण. हॉस्पिटल मॅनेजमेंट असो की लायब्ररी मॅनेजमेंट, निम्मे प्रोजेक्ट इथेच आडवे होतील. माझाही झाला! तिसऱ्या वर्षीच्या प्रोजेक्टमध्ये मी नावाला बाइट मोजून मर्यादा घातली होती. त्यात 'कृष्णमूर्ती' अर्ध्यातच तुटायचे. तेव्हा वाटलं, मराठी कोण टाकतंय इथे? वाळवीवाला अंक आणि माझा प्रोजेक्ट यांच्यात फक्त वीस वर्षांचं अंतर आहे.

तिसरी मागणी आपल्या सगळ्यांना. जुगाडीचं कौतुक जरा कमी करा. आपण इंजिनियरिंगवाले "चालतंय ना? मग झालं!" असं म्हणण्यात पटाईत. पण 'आज चालतं' आणि 'बरोबर आहे' या दोन गोष्टी वेगळ्या. चांगल्या डिझाइनची परीक्षा डेमोच्या दिवशी होत नाही. ती बनवणारा पास होऊन निघून गेल्यावर होते, जेव्हा एखादं अनोळखी पोरगं कपाटातून सीडी काढतं तेव्हा.

असो. त्या लेखाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. एका माजी विद्यार्थ्याच्या गावी, ट्रंकेत, २००४ चा छापील अंक निघाला. त्यांनी मराठी विभागातल्या चार पानांचे फोटो पाठवले. लेथवरचा लेख त्या चार पानांत नव्हता, आणि पुढची पानं फाटलेली होती. पण मला तेवढं पुरलं. छापील पान एका बाजूला आणि सीडीतला कचरा दुसऱ्या बाजूला ठेवून एकेक चिन्ह जुळवत गेलो. हे चिन्ह म्हणजे क, ते म्हणजे अर्धा त, टक्का म्हणजे उकार. मग वेलांटी मागे ढकलायची, रफार पुढे ओढायचा, असा दोनशे ओळींचा प्रोग्राम झाला. एका मध्यरात्री तो चालवला आणि स्क्रीनवर निदेशकांचा लेख उभा राहिला. पहिल्याच परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं, की नवीन मुलाला ते आधी मशीन लावू देत नसत, मोजायला शिकवत.

मोजायला! मी हसलो, आणि मग गप्प बसलो.

लेख मुलाला पाठवला आहे, युनिकोडमध्ये. पाचपैकी चार सीड्या त्याच फाँटच्या निघाल्या, त्याही उघडल्या. पाचवीचा फाँट वेगळा आहे. २००७ चा अंक कुणाच्या घरी, कुणाच्या मामाकडे, कुठल्या ट्रंकेत असेल तर कृपया मंडळाला कळवा. चार पानंही पुरतील.